मुलाचा डीएलए नाकारला किंवा कमी दराचा दिला, तर अपील कसं करायचं

डीएलए म्हणजे डिसॅबिलिटी लिव्हिंग अलाउन्स, अपंग मुलांसाठीचा ब्रिटिश सरकारी भत्ता. त्याचा निर्णय देणाऱ्या डीडब्ल्यूपीचं (सरकारच्या रोजगार आणि पेन्शन खात्याचं) पत्र उघडलं की आधी तारीख पाहा. रक्कम, कारणं, ‘खेद वाटतो’ हे सगळं नंतर. पत्रावर छापलेल्या तारखेपासून एक महिन्याच्या आत तुमची हरकत त्यांच्याकडे जायला हवी. पत्र आठ दिवस उशिरा हातात पडलं तरी महिना छापलेल्या तारखेपासूनच धरून चला. शेवटची तारीख कॅलेंडरवर लाल पेनाने लिहा आणि तिच्या एक आठवडा आधीची तारीख स्वतःसाठी ठरवा.

हे सगळं इंग्लंड आणि वेल्समधल्या सोळा वर्षांखालच्या मुलांसाठी आहे. बौद्धिक अक्षमता, ऑटिझम, एडीएचडी, भाषा-विकासातला मोठा उशीर, किंवा शिकण्यातल्या अडचणींबरोबर रोजच्या व्यवहारातही अडणारी मुलं यात येतात. स्कॉटलंडचे नियम वेगळे आहेत, त्याबद्दल शेवटी.

एक इशारा आधीच देतो. तुमच्या व्हिसावर ‘नो रिकोर्स टू पब्लिक फंड्स’ (सरकारी भत्ते घेता येणार नाहीत) असा शेरा असेल, तर डीएलए हा त्याच ‘पब्लिक फंड्स’मध्ये मोडतो. अशा वेळी अर्ज किंवा अपील करण्याआधी इमिग्रेशनच्या अधिकृत सल्लागाराशी बोला. मूल ब्रिटिश नागरिक आणि आईवडील वर्क व्हिसावर, अशी घरं बरीच आहेत. तिथे तर सल्ल्याशिवाय पाऊल टाकू नका. आयएलआर (कायम राहण्याची परवानगी) किंवा नागरिकत्व असलेल्यांना ही अडचण नाही.

कायदा नेमकं काय मोजतो

बहुतेक अपिलं इथेच घसरतात. पालक निदानाचे कागद जोडत राहतात आणि डीडब्ल्यूपी म्हणतं, निदान मान्य, पण गरज सिद्ध झाली नाही. डीएलए निदानावर मिळत नाही. निदान झालेलं नसलं, मूल अजून एनएचएसच्या (सरकारी आरोग्यसेवेच्या) प्रतीक्षायादीत असलं, तरीही मिळू शकतो. १९९२ च्या सोशल सिक्युरिटी कॉन्ट्रिब्युशन्स अँड बेनिफिट्स ॲक्टच्या कलम ७२ मध्ये मोजमाप आहे ते मदतीचं: अपंगत्वामुळे मुलाला किती लक्ष आणि किती देखरेख लागते, आणि ती त्याच वयाच्या इतर मुलांपेक्षा ठळकपणे जास्त आहे का. दर दिवसाला किती वेळा, किती मिनिटं, कशासाठी, आणि त्याच्या वर्गातल्या बाकीच्यांना तेवढं लागतं का, एवढ्याच प्रश्नांवर प्रकरण उभं राहतं किंवा पडतं.

डीएलएचे दोन घटक आहेत: केअर, म्हणजे काळजी, आणि मोबिलिटी, म्हणजे बाहेर फिरणं. केअरचे तीन दर आहेत. २०२५-२६ साली आठवड्याला २९.२०, ७३.९० आणि ११०.४० पौंड.

खालच्या दरासाठी दिवसाचा ‘लक्षणीय भाग’ मदतीत जावा लागतो. व्यवहारात साधारण एक तास धरला जातो. तो सलग असण्याची गरज नाही.

मधल्या दरासाठी तीन वाटा आहेत. दिवसभर वारंवार मदत लागणं ही पहिली. स्वतःला किंवा दुसऱ्याला मोठा धोका होऊ नये म्हणून दिवसभर सततची देखरेख लागणं ही दुसरी. तिसरी रात्रीची: रात्री दीर्घकाळ किंवा एकाहून जास्त वेळा मदत लागणं, किंवा धोका टाळण्यासाठी कुणीतरी रात्री दीर्घकाळ अथवा थोड्या थोड्या वेळाने जागं राहून लक्ष ठेवणं. ‘दीर्घकाळ’ म्हणजे साधारण वीस मिनिटं किंवा जास्त. दिवसाची आणि रात्रीची अशी दोन्ही गरज असेल तर वरचा दर.

‘दिवसभर’ या शब्दाकडे नीट लक्ष द्या. सकाळी शाळेत जाईपर्यंतची धांदल आणि संध्याकाळी झोपेपर्यंतची धांदल, एवढंच फॉर्ममध्ये लिहिलं तर निर्णय घेणारा खालचा दर देऊन मोकळा होतो, कारण मदत दिवसाच्या दोन टोकांना दिसते आणि मधले सहा तास कोरे राहतात. त्या सहा तासांत मूल शाळेत असतं आणि तिथे त्याला मदत करणारी टीचिंग असिस्टंट तुम्हाला दिसत नाही. तिची मदतही मोजली जाते. म्हणून शाळेचा कागद हा मधल्या दराचा कणा आहे.

‘रात्र’ कधी सुरू होते, यावर १९७४ पासून न्यायालयाचं म्हणणं स्पष्ट आहे: घरातली माणसं दिवे मालवून निजतात तेव्हापासून ती उठतात तोपर्यंत. मूल आठला झोपतं म्हणून रात्र आठला सुरू होत नाही. साडेनऊला उठून त्याला परत झोपवणं हे दिवसाच्या खात्यात जातं, दीडला उठणं रात्रीच्या.

मोबिलिटीचे दर दोन: २०२५-२६ साली २९.२० आणि ७७.०५ पौंड. शिकण्याच्या अडचणी असलेल्या मुलांना बहुधा खालचा लागू होतो आणि तो पाचव्या वर्षापासून मिळतो. प्रश्न असा असतो, की अनोळखी रस्त्यावर त्याच वयाच्या मुलापेक्षा खूप जास्त मार्गदर्शन किंवा देखरेख लागते का. ‘रस्ता ओलांडताना हात धरावा लागतो’ हे सहा वर्षांच्या कुठल्याही मुलाचं खरं आहे, म्हणून त्याने काही सिद्ध होत नाही. ‘हात सुटला की गाड्यांकडे न बघता धावतो, आवाज झाला की जमिनीवर बसतो आणि उठत नाही, ओळखीच्या बागेतही नजरेआड झाला तर परत येत नाही’ याने होतं. वरचा दर तीन वर्षांपासून आहे. बौद्धिक अक्षमतेच्या आधारावर तो मिळवायचा तर बुद्धी आणि सामाजिक व्यवहार दोन्ही गंभीरपणे बाधित असणं, वागणं इतकं अनावर असणं की नेहमी अंगाला धरून आवरावं लागतं, आणि केअरचा वरचा दर, असं सगळं एकत्र लागतं. ही कसोटी अवघड आहे. मूल खरंच त्यात बसत असेल तर मात्र संकोच न करता मागा.

वर दिलेली गरज अर्जाआधी तीन महिने असायला हवी आणि पुढे निदान सहा महिने राहणार असं दिसायला हवं.

इंटरनेटवर गुणांचे तक्ते सापडतील: जेवणाला चार, कपड्यांना दोन. ते पिपचे, म्हणजे सोळा वर्षांपुढच्यांसाठीच्या पर्सनल इंडिपेंडन्स पेमेंट या भत्त्याचे. मुलाच्या डीएलएच्या अपिलात गुणांची भाषा वापरलीत तर तुमचा मुद्दा भलत्याच कायद्यावर जातो.

पहिली पायरी: फेरविचार

थेट ट्रायब्युनलकडे, म्हणजे अपील ऐकणाऱ्या स्वतंत्र न्यायाधिकरणाकडे, जाता येत नाही. आधी डीडब्ल्यूपीलाच फेरविचार मागावा लागतो, त्याचं नाव मँडेटरी रिकन्सिडरेशन. फोनवर मागता येतो, पत्राने येतो, सीआरएमआर१ या फॉर्मवरही येतो. आमचा सल्ला असा: फोन करून मागणी नोंदवा, कारण तारीख पकडली जाते, आणि मग लगेच लेखी पाठवा. फोनवर आणखी दोन गोष्टी मागा. एक, निर्णय घेताना वापरलेल्या सगळ्या कागदांच्या प्रती. दोन, त्या प्रती आणि तुमचा पुरावा पोचेपर्यंत फेरविचार थांबवण्याची विनंती. बोललेल्या माणसाचं नाव, तारीख आणि वेळ लिहून ठेवा.

या प्रती मागायलाच हव्यात. डीडब्ल्यूपी बहुतेक वेळा तुम्ही फॉर्मवर नाव दिलेल्या शाळेला किंवा जीपीला (फॅमिली डॉक्टरला) लिहितं. जीपीने मुलाला वर्षात एकदा घसा दुखला म्हणून पाहिलेलं असतं आणि तो लिहितो, ‘काळजीच्या गरजांविषयी माहिती नाही.’ निर्णयात त्याचं रूपांतर ‘वैद्यकीय पुराव्यात गरज दिसत नाही’ असं होतं. ते वाक्य समोर असेल तरच त्याला उत्तर देता येतं: जीपी मुलाची रोजची काळजी पाहत नाही, ती पाहणारी माणसं म्हणजे शाळा, स्पीच थेरपिस्ट आणि आईवडील.

पत्र पोस्टात टाकताना काउंटरवर सर्टिफिकेट ऑफ पोस्टिंग मागा, ते फुकट मिळतं. मूळ कागद कधीही पाठवू नका. प्रत्येक पानावर मुलाचं नाव आणि निर्णयपत्रावरचा रेफरन्स नंबर लिहा, कारण टपाल स्कॅन होताना पानं सुटी होतात.

महिना उलटून गेला असला तरी आशा सोडू नका. आजारपण, घरात मृत्यू, पत्र न कळणं, चुकीचा सल्ला अशी कारणं देऊन मूळ निर्णयापासून १३ महिन्यांपर्यंत उशिरा मागणी करता येते. उशीर झाला म्हणून डीडब्ल्यूपीने फेरविचार नाकारला, तरी त्या मुदतीत मागणी केली असेल तर ट्रायब्युनलकडे जाण्याचा हक्क राहतो. अप्पर ट्रायब्युनलने (वरच्या न्यायाधिकरणाने) २०१७ मध्ये हे ठरवून दिलं आहे.

फेरविचारात डीडब्ल्यूपी आपलाच निर्णय पुष्कळदा कायम ठेवतं. त्याने खचून जाऊ नका. स्वतंत्र माणसं तुमचं प्रकरण पहिल्यांदा बघतात ती ट्रायब्युनलमध्ये.

डायरी

दोन आठवडे लिहा. सुट्टीचा एखादा दिवस आणि शाळेचे दिवस दोन्ही येऊ द्या. पाच गोष्टी टिपायच्या: वेळ, काय घडलं, तुम्ही काय केलंत, किती मिनिटं लागली, त्या वयाचं मूल ते कसं करतं. सात वर्षांच्या मुलाच्या एका सकाळीची नोंद अशी असावी:

‘मंगळवार. ७.१० – तीन हाका, मग हाताला धरून उठवला. ब्रश हातात दिला, तोंडात धरून उभा राहिला. दर वेळी “आता वरचे, आता मागचे” सांगितलं, शेवटी मीच घासले. ८ मिनिटं. ७.२० – टॉयलेट. स्वतः पुसत नाही, मी पुसलं, हात धुवायला नळापाशी नेलं. ६ मिनिटं. ७.३० – मोज्याची शिवण टोचते म्हणून चार वेळा काढला, रडला, पाय झाडले. शर्ट उलटा घातला, काढून परत घातला, बटणं मी लावली. १७ मिनिटं. ७.५० – सीरियल. दोन घास खाऊन उठला, पाच वेळा परत बसवला, उरलेलं भरवलं. १५ मिनिटं. धाकटी बहीण, वय ५, कपडे आणि नाश्ता स्वतः करते.’

७.१० ते ८.०५ या ५५ मिनिटांतली ४६ मिनिटं मदतीत गेली. तेही लिहा. ‘सकाळी खूप मदत लागते’ या वाक्याने ट्रायब्युनलच्या पॅनेलच्या हाती काहीच पडत नाही. वरच्या नोंदीत खालच्या दराच्या तासापैकी पाऊण तास एकाच सकाळी दिसतो.

रात्रीची नोंद तशीच: ‘१.५० – उठून जिन्याकडे गेला. खाली उतरण्याआधी पकडला. परत झोपायला ३५ मिनिटं. ४.१५ – ओरडत उठला, १० मिनिटं.’ आठवड्यातून किती रात्री असं होतं ते सांगा. चार रात्री होत असेल तर चारच लिहा. सर्वांत वाईट दिवस रोजचा म्हणून मांडला आणि शाळेचा कागद वेगळं बोलला, तर बाकीच्या खऱ्या नोंदींवरचाही विश्वास जातो.

देखरेखीच्या नोंदीत धोका स्पष्ट लिहा. ‘सतत लक्ष ठेवावं लागतं’ नको. ‘वरच्या मजल्याची खिडकी उघडून बाहेर वाकला, तेव्हापासून खिडकीला कुलूप’, ‘गॅसची बटणं फिरवतो म्हणून स्वयंपाकघराला दार लावून घेतलं’, ‘दुकानात अनोळखी माणसाचा हात धरून निघाला’ असं हवं. कुलूप आणि दाराचे फोटो जोडा.

अभ्यासातली मदत, वाचन-लेखन-गणित, ही एकट्याने पुरत नाही. डायरीत ती भरभरून आणि जेवण-अंघोळ-सुरक्षितता तुरळक, असं झालं तर पॅनेलला तो शिक्षणाचा प्रश्न वाटतो. उलट खेळायला, मित्रांशी बोलायला, बाहेर मिसळायला लागणारी मदत मोजली जाते. १९९७ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने एका कर्णबधिर मुलीच्या, फेअरीच्या खटल्यात सर्वसामान्य सामाजिक जीवन जगण्यासाठी लागणारी मदतही धरली. वाढदिवसाच्या पार्टीत तुम्ही तासभर शेजारी उभं राहून ‘त्याला नंबर येऊ दे, आता तू बोल’ सांगत असाल, तर ती मिनिटं लिहा.

मराठी घरांत हमखास अडणाऱ्या गोष्टी

भरवणं, अंघोळ घालणं, शेजारी घेऊन झोपणं हे आपल्याकडे मायेचं काम असतं, म्हणून आया ते मदत म्हणून लिहीतच नाहीत. लिहिलंच, तर समोरचा म्हणू शकतो की तुमच्याकडे सगळ्याच मुलांना भरवतात. उत्तर एकच: न भरवल्यास काय होतं ते सांगा. ‘ताट समोर ठेवून वीस मिनिटं बसू दिलं तर तीन घास खातो आणि उठतो, वजन कमी झालं म्हणून डायटिशियनकडे पाठवलं होतं’ हे सवयीच्या पलीकडचं आहे. कायदा मुलाला ‘लागणारी’ मदत विचारतो. तुम्ही हौसेने देता त्याहून तो प्रश्न वेगळा आहे. धाकट्या भावंडाला त्याच घरात त्याच वयात भरवणं कधी थांबलं, हे सांगितलं की मुद्दा पक्का होतो.

दुसरं, भाषा. बोलण्यातला उशीर ‘घरात दोन भाषा आहेत म्हणून’ असं शाळेच्या जुन्या अहवालात कुठेतरी लिहिलेलं असतं आणि ते निर्णयात येतं. त्यावर पुरावा असा द्या, की अडचण मराठीतही तेवढीच आहे: आज शाळेत काय केलंस, हे मराठीत विचारलं तरी सांगता येत नाही, दोन कामं एकदम सांगितली तर मराठीतही एकच करतो, आजीशी व्हिडिओ कॉलवर प्रश्नाला प्रश्नच परत म्हणतो. स्पीच थेरपिस्टला घरच्या भाषेतली चाचणी किंवा निरीक्षण अहवालात नोंदवायला सांगा.

तिसरं, आजी-आजोबा. ते सहा महिने इथे असले की मुलाची निम्मी मदत तेच करतात आणि आईच्या डायरीत ती दिसत नाही. कुणीही दिलेली मदत मोजली जाते, म्हणून तीही लिहा.

भारतात झालेल्या तपासण्या, अपंगत्वाचं प्रमाणपत्र, थेरपीच्या नोंदी जरूर जोडा. इंग्रजीत नसलेल्या कागदासोबत पूर्ण इंग्रजी भाषांतर हवं, आणि त्यावर भाषांतर करणाऱ्याचं नाव, सही, तारीख.

शाळेकडून काय घ्यायचं

‘आमच्या अपिलाला पाठिंब्याचं पत्र द्या’ असं सेनकोला (विशेष गरजांच्या मुलांची जबाबदारी असलेल्या शिक्षकाला) सांगितलं तर गोड, उपयोगाला न येणारं पत्र मिळतं. त्याऐवजी प्रश्न लिहून द्या. दुपारच्या जेवणाला शेजारी कोण बसतं आणि काय करतं? टॉयलेटला कोण नेतं, कपड्यांतच होणं आठवड्यात किती वेळा घडतं? पीईचे (खेळाच्या तासाचे) कपडे बदलायला किती मिनिटं लागतात, वर्गातल्या इतरांना किती? मैदानावर त्याच्यावर वेगळं लक्ष असतं का, का? सूचना किती वेळा परत सांगावी लागते? वर्ग सोडून पळणं, मारणं, स्वतःला इजा करणं कधी झालं, तेव्हा काय केलं? सहलीला त्याच्यासाठी जादा माणूस घेतला का? यांची उत्तरं अर्ध्या पानात मावतात आणि पॅनेलला दुपार दिसते.

‘चांगली प्रगती करत आहे’ या वाक्याने पुष्कळ दावे बुडतात. वार्षिक अहवालात ते मुलाच्या स्वतःच्या छोट्या उद्दिष्टांच्या तुलनेत लिहिलेलं असतं. सेनकोकडून एकच ओळ मागा: वयाच्या अपेक्षेच्या मानाने तो किती मागे आहे. ‘शाळेत शांत असतो’ हेही तसंच. शाळेत दाबून ठेवलेलं घरी आल्यावर फुटत असेल, तर संध्याकाळच्या नोंदी वेळेसह द्या.

ईएचसीपी (मुलाच्या शिक्षण, आरोग्य आणि काळजीचा अधिकृत आराखडा) असेल तर अख्खा जोडा. भाग बी मध्ये गरजा आणि भाग एफ मध्ये मिळणारी मदत असते, तिथे खूण करा. नसेल तरी डीएलए मिळतो, एवढं लक्षात ठेवा.

अपील

फेरविचाराची नोटीस आली की त्या तारखेपासून पुन्हा एक महिना. अपील डीडब्ल्यूपीकडे करायचं नसतं, ते न्यायालय सेवेकडे जातं: गव्ह डॉट यूकेवरून ऑनलाइन, किंवा एसएससीएस१ या कागदी फॉर्मवर. सोबत नोटिशीची प्रत लागते. फी नाही, आणि हरलात तरी समोरच्याचा खर्च भरावा लागत नाही. अपील मुलाच्या नावाने होतं, तुम्ही त्याचे अपॉइंटी, म्हणजे त्याच्या वतीने व्यवहार पाहणारे, म्हणून सही करता.

कारणांच्या रकान्यात पानंच्या पानं लिहायची गरज नाही. कोणता दर मागता, का, आणि निर्णयात काय चुकलं, एवढं साध्या इंग्रजीत पुरे. उदाहरणार्थ: केअरचा मधला दर मागतो, कारण शाळेत आणि घरी मिळून दिवसभर वारंवार मदत लागते. निर्णयात फक्त सकाळ-संध्याकाळ धरली आहे, दुपारचा विचार नाही. मोबिलिटीचा खालचा दर मागतो, कारण अनोळखी रस्त्यावर त्याच वयाच्या मुलांपेक्षा खूप जास्त देखरेख लागते.

सुनावणी हवी की फक्त कागदांवर निर्णय, असं विचारतात. सुनावणी मागा. कागदात न मावणारं पुष्कळ काही आईच्या उत्तरात येतं. प्रत्यक्ष, व्हिडिओ किंवा फोन यांपैकी पसंती सांगता येते. मुलाने सहसा हजर राहावं लागत नाही. दुभाष्या फुकट मिळतो. फॉर्ममध्ये ‘मराठी’ असंच स्पष्ट लिहा, नाहीतर हिंदीचा दुभाष्या येतो. नातेवाइकाला दुभाष्या होऊ देत नाहीत. कामापुरतं इंग्रजी येत असलं तरी संडास, मासिक पाळी, मारहाण अशा गोष्टी बोलताना मातृभाषेत जे बारकावे येतात ते इंग्रजीत सुटतात. तेव्हा मागायला लाजू नका.

एक धोका समजून घ्या: ट्रायब्युनल मिळालेला दर कमीही करू शकतं. ‘खालचा मिळालाय, मधला हवा’ अशा अपिलात, आहे तोच कशावर मिळाला ते तपासा. तो भक्कम पायावर असेल तर पुढे जा. डळमळीत असेल तर आधी सल्ला घ्या. सुनावणीच्या वेळी पॅनेलला आहे ते कमी होईल असं वाटलं, तर ते सहसा आधी सांगतं आणि अपील मागे घेण्याचा विचार करायला वेळ देतं.

अपील मिळाल्यावर डीडब्ल्यूपीने २८ दिवसांत उत्तर द्यायचं असतं. ते जाड गठ्ठ्याच्या रूपाने येतं, पानांना आकडे घातलेले. यातच तुमचा मूळ फॉर्म, शाळेचं आणि जीपीचं उत्तर असतं. पूर्ण वाचा. मधल्या काळात डीडब्ल्यूपीचा फोन येऊन ‘हा दर देतो’ असंही सांगितलं जातं. तेव्हा कोणता घटक, कोणता दर, किती वर्षांसाठी, हे तिन्ही विचारून लिहून घ्या आणि विचाराला वेळ मागा. निर्णय तुमच्या बाजूने बदलला की चालू अपील संपतं. नवा निर्णयही अपुरा वाटला तर त्यावर वेगळं अपील करता येतं.

गठ्ठा आला की दोन पानांचं निवेदन तयार करा. पहिल्या ओळीत मागितलेले दर. मग एकेक गरज आणि तिच्या पुढे पानाचा आकडा: ‘शाळेत टॉयलेटला मोठं माणूस लागतं, पान ४७, सेनको.’ डीडब्ल्यूपीचं जे वाक्य चुकीचं आहे ते उतरवून त्याखाली उत्तर. पॅनेलकडे एका सकाळीत अनेक प्रकरणं असतात. पान कुठे उघडायचं हे सांगणारा कागद ते आधी वाचतात.

नवा पुरावा येईल तसा पाठवत राहा. सुनावणीच्या दिवशी जाड गठ्ठा हातात दिला तर तारीख पुढे जाऊ शकते. आणि महत्त्वाचं: ट्रायब्युनल परिस्थिती पाहतं ती मूळ निर्णयाच्या दिवशीची. नंतरच्या तारखेचा अहवाल चालतो, पण त्यात ‘ही अडचण तेव्हाही होती’ असं आलेलं हवं. निर्णयानंतर मुलाची स्थिती खरोखर बिघडली असेल, तर त्यासाठी डीडब्ल्यूपीकडे वेगळी मागणी लागते.

सुनावणी

तारीख किमान १४ दिवस आधी कळते. समोर साधारण तिघं असतात: न्यायाधीश, डॉक्टर, आणि अपंगत्वाचा अनुभव असलेली व्यक्ती. डीडब्ल्यूपीचा माणूस असेलच असं नाही. खोली सभागृहासारखी नसते, एका टेबलाभोवती बसून बोलायचं असतं.

मुलाची काळजी जो घेतो त्यानेच बोलावं. आपल्याकडे ‘इंग्रजी चांगलं’ म्हणून बाबा उत्तर देतात आणि सकाळी सातलाच घराबाहेर पडत असल्यामुळे दात कोण घासतं, यावर अडखळतात. डॉक्टर विचारतील: ‘काल सकाळी काय झालं सांगा.’ ‘तुम्ही काहीच केलं नाही तर तो काय करेल?’ ‘शाळेत जेवताना काय होतं?’ परक्यांपुढे मुलाची लाज राखायची म्हणून ‘हो, खातो की आता बरंच’ असं तोंडून निघतं, आणि लिहिताना निर्णयात ‘आई सांगते तो स्वतः खातो’ असं उतरतं. मुलाचं कौतुक घरी करा. तिथे विचारलेल्या कामाचं खरं चित्र सांगा: चमचा स्वतः धरतो, पण मी शेजारी बसून दर घासाला आठवण केली तरच. माहीत नसेल तर ‘माहीत नाही, शाळेचं पान ४७ पाहा’ म्हणा. डायरी सोबत ठेवा, बघून उत्तर द्यायला हरकत नसते.

प्रवासखर्च मागता येतो, तिकिटं जपून ठेवा. ट्रायब्युनलच्या या पायरीला लीगल एड (सरकारी खर्चाने वकील) नाही, पण सिटिझन्स ॲडव्हाइस, लॉ सेंटर, आणि अपंग मुलांच्या कुटुंबांसाठीची काँटॅक्ट ही संस्था मदत करतात. सेरेब्रा या संस्थेची डीएलएवरची पुस्तिकाही कामाची आहे. गाठ लवकर घ्या. सुनावणीच्या आदल्या आठवड्यात बहुधा कुणाला वेळ नसतो.

निकालानंतर

निकाल त्याच दिवशी कळतो किंवा टपालाने येतो. जिंकलात तर पैसे अर्जाच्या तारखेपासूनचे मिळतात, नूतनीकरणाचं प्रकरण असेल तर जुना दर संपल्यापासूनचे. युनिव्हर्सल क्रेडिट (कमी उत्पन्नाच्या घरांचा भत्ता) घेत असाल तर तिथे लगेच कळवा, कारण अपंग मुलासाठीची जादा रक्कम यावर सुरू होते. केअर मधल्या किंवा वरच्या दराचा असेल तर केअरर्स अलाउन्सचाही (काळजी घेणाऱ्याला मिळणाऱ्या भत्त्याचाही) विचार करा.

हरलात तर एक महिन्याच्या आत सविस्तर कारणं लेखी मागा. ती आल्यावर अप्पर ट्रायब्युनलकडे जाता येतं, पण फक्त कायद्याच्या चुकीवर: पुरावा दुर्लक्षिला, कारणं दिली नाहीत, चुकीची कसोटी लावली. ‘निकाल पटला नाही’ हे पुरेसं नाही. वेगळा मार्ग म्हणून नवा अर्जही करता येतो, जुनं अपील चालू असतानासुद्धा.

स्कॉटलंडमध्ये राहत असाल तर तुमच्या मुलाला डीएलएऐवजी चाइल्ड डिसॅबिलिटी पेमेंट लागू आहे. केअर आणि मोबिलिटीच्या कसोट्या बऱ्याच सारख्या आहेत, मुदती वेगळ्या: फेरनिर्णय मागायला ४२ दिवस, सोशल सिक्युरिटी स्कॉटलंडला उत्तर द्यायला ५६ दिवस, आणि पुढे अपिलाला ३१ दिवस.

जिंकलेला निकाल बहुधा ठरावीक वर्षांचा असतो, आणि पुढच्या वेळी डीडब्ल्यूपीवर तो बंधनकारक नसतो. नूतनीकरणाचा फॉर्म मुदतीच्या काही महिने आधी येतो. तो भरताना ट्रायब्युनलचा निकाल, तुमचं दोन पानी निवेदन, शाळेचं ताजं उत्तर आणि नवी डायरी एकत्र जोडा. म्हणून हे सगळं एका फाइलमध्ये ठेवा. सोळाव्या वाढदिवसाच्या आसपास पिपचं पत्र येईल तेव्हा जुनी डायरी कामाला येईलच, पण तिथले प्रश्न वेगळे असल्यामुळे नवी लिहायला तेव्हा सुरुवात करा.